विसावा माणूस

१

आमच्या संस्थेचं काम बोरिंग दुरुस्त करण्याचं. हातपंपाला आमच्याकडे सगळे बोरिंगच म्हणतात. आमगाव, देवरी, सालेकसा या तीन तालुक्यांत मिळून आमचे एकोणीस मेकॅनिक. आणि आमगावच्या ऑफिसात मी, रंजिता मेश्राम, त्या एकोणीस जणांना कामं वाटून देणारी. कुठली बोरिंग बिघडली, कोण जाणार, किती वाजता, काय करायचं, हे एका वेबसाइटवर भरायचं. भरलं की त्या माणसाच्या मोबाइलवर मेसेज जातो. काम झालं की तो मला फोन करतो आणि मी 'पूर्ण' असं करून टाकते. सहा वर्षं मी हेच करत होते आणि कधी कोणाची तक्रार नव्हती.

२०१४ च्या फेब्रुवारीत वरच्यांना वेबसाइट बदलायची हुक्की आली. जुन्या साइटमधून सगळी माणसं आणि त्यांची कामं एका फाइलमध्ये उतरवायची आणि ती फाइल नव्या साइटवर चढवायची. नवी साइट बनवणाऱ्या कंपनीचा लोकेश नावाचा मुलगा नागपुरातून फोनवर म्हणाला, "एक्सपोर्ट, इम्पोर्ट. दो बटन हैं मॅडम. पाँच मिनट का काम."

पहिल्यांदा चाळीस टक्क्यांवर लाइट गेली. दुसऱ्यांदा इंटरनेट गेलं. तिसऱ्यांदा फाइल पूर्ण चढली, पण चढताना तिच्यातलं 'व' हे अक्षर कुठेतरी सांडलं. देवरीचं देरी झालं, आमगावचं आमगा. वॉशर बदलणे हे काम तर वाचताच येईना.

"सिर्फ एक अक्षर गया ना?" लोकेश म्हणाला. "हाथ से ठीक कर लीजिए."

समोरच्या टेबलावर मंजू बसते. सामानाची खोली तिच्याकडे. ती एका बोटानं टाइप करते आणि प्रत्येक अक्षर आधी ओठांनी म्हणते. मी आणि ती, आम्ही दोघींनी शुक्रवारी दिवसभर गावांना त्यांचे 'व' परत केले. डोळे भरून आले होते, दुःखानं नव्हे. संध्याकाळी पाचला मी शेवटची नजर टाकली आणि वर उजव्या कोपऱ्यात आकडा दिसला. एकूण सदस्य : वीस.

२

मी पुन्हा मोजले. मग मंजूला मोजायला लावले. वीस.

जुन्या साइटवर जाऊन पाहिलं, तिथे एकोणीसच. पण तिच्यातून निघालेली फाइल उघडली तर तिच्यात वीस ओळी. शेवटची ओळ उदाराम नावाच्या माणसाची. आडनाव नाही, मोबाइल नंबर नाही, रुजू झाल्याची तारीख नाही.

"कोणी जुना असेल," मंजू म्हणाली. "काढून टाकला असेल, तर फाइलमध्ये राहिला असेल."

मलाही तेच पटलं. फक्त नव्या साइटवर त्याच्या नावावर कामं होती, आणि तीही आत्ताची. कालची तारीख, आजची, उद्याची, महिनाअखेरपर्यंत रोज. जागा एकच : दरेकसा, स्टेशनमागची बोरिंग. वेळ एकच : सकाळी दहा दहा ते दुपारी दोन चाळीस. आणि काम, जिथे बाकीच्यांना साखळी बदलणे, पाइप काढणे असं असतं, तिथे एकच शब्द होता. थांबणे.

"थांबणे हे काय काम झालं?" मी म्हटलं.

"मला द्या असं काम," मंजू म्हणाली आणि पर्स उचलून घरी गेली.

लोकेशला फोन केला. तो म्हणाला, टेस्टिंगसाठी कोणीतरी टाकलेला डमी माणूस असेल. नागपुरात बसून दरेकशाच्या स्टेशनमागची बोरिंग कोणाला सुचली, हे विचारावं असं वाटलं. पण तोवर त्यानं फोन ठेवला होता.

३

सोमवारी सकाळी आमचे प्रमुख जागेश्वर पटले माझ्या मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवरचा आकडा त्यांना आधी दिसतो, बाकी काही दिसत नाही.

"एकोणीसचे वीस काऊन झाले, मॅडम?"

"सर, एक जास्तीचं नाव आलंय. पाहते."

"पाहता काय? बुधवारी नागपूरचे साहेब येऊन राहिले. बोगस माणूस दाखवला म्हणतील. आजच्या आज काढा."

दरेकसा आमच्या सुखराम उईकेकडे होतं. पन्नाशीचा, कमी बोलणारा, सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करणारा माणूस. काढण्याआधी त्याला विचारावं म्हणून मी फोन लावला.

"सुखरामभाऊ, उदाराम म्हणून कोणी आहे का तुमच्याकडे?"

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तो स्टेशनमागच्या बोरिंगवरचा का जी? त्याचं नाव मले माहीत नव्हतं."

"म्हणजे आहे असा माणूस?"

"हाये ना. आपलाच निळा शर्ट घालते. मले वाटलं तुमीच ठेवला."

"मी कशाला ठेवू! काय करतो तो तिथं?"

"काई नाई करत. बोरिंगच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहते अन् पहाडाच्या रस्त्याकडं पाहते."

"मग विचारा ना त्याला, कोण आहे, कुठला आहे."

"विचारलं होतं एक डाव. तो मान वळवत नाई जी."

मला हसावं की चिडावं कळेना. कोणीतरी डोक्यानं अधू माणूस संस्थेचा जुना शर्ट घालून उभा राहत असेल. त्याचं नाव गमतीनं कोणी साइटवर टाकलं असेल. जगात रिकामटेकड्यांची कमी नाही. मी उदारामच्या नावापुढचं 'काढा' हे बटण दाबलं.

साइटनं विचारलं : या सदस्याची उरलेली कामं कोणाकडे द्यायची?

'कोणाकडेच नाही' असा पर्याय नव्हता. मी शोधला. नाव निवडल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. पाच दिवस त्या साइटनं मला छळलं होतं, मागे पटले सर खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत होते. दरेकसा सुखरामचंच गाव, म्हणून मी सुखराम निवडला. नंतर सवडीनं ती कामं रद्द करू म्हटलं.

आकडा एकोणीस झाला. पटले सर म्हणाले, "हे पहा. एवढंच तर होतं."

४

सवड मिळाली नाही. मंगळवारी साहेबांना दाखवायचे तक्ते करण्यात दिवस गेला. बुधवारी अकराला गाड्या आल्या, हारतुरे झाले. मी नवी साइट भिंतीवर दाखवत होते आणि टेबलावर माझा मोबाइल पुन्हा पुन्हा थरथरत होता. चौथ्यांदा बाहेर जाऊन उचलला. सुखरामची बायको कलाबाई होती.

"मॅडम, त्याहीले काय काम देल्लं तुमी?"

"काय झालं?"

"काल सकाळी मेसेज आला म्हणून गेले, त दोन-तीन वाजेलोक बोरिंगपाशी उभेच. घरी आले त जेवले नाई. हात बरफावाणी थंडे. रातभर आंगावर घोंगडं घेऊन बसले. आज दहाच्या आधीपासूनच उभे हायेत. मी हाक मारून राहिली, पाहत नाई."

मी म्हटलं, "मेसेज चुकून गेला, कलाबाई. त्यांना सांगा, काम रद्द आहे."

"सांगतलं. म्हणते, मोबाइलवर नाई आलं रद्द." मग आवाज खाली करून म्हणाली, "अन् मॅडम, बकऱ्या आज पहाडाच्या रस्त्यानं जाऊन नाई राहिल्या. एक बी नाई."

मी ऑफिसात परत गेले. ते काम रद्द करायला बटण दाबलं. लाल पट्टी आली : सुरू झालेलं काम रद्द करता येत नाही.

साहेबांसमोर मी पर्स उचलली. पटले सर दारापर्यंत धावत आले. "मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही? हे चालू आहे ना आत!"

"सर, तुमच्या एकोणीस माणसांपैकी एकाला घ्यायला चालले," मी म्हटलं आणि स्कूटीला किक मारली.

५

आमगावहून सालेकसा आणि पुढे दरेकसा, तासाभराचा रस्ता. रस्त्यात मी स्वतःला समजावत होते. साधा माणूस आहे, मेसेज आला म्हणून उभा राहिला. मंगळवारचं ऊन लागलं असेल. ऊन लागलं की हात थंड पडतात. पडतात का? मला माहीत नव्हतं.

दरेकशाला रेल्वेलाइनच्या एका बाजूला छोटं स्टेशन आहे. दुसऱ्या बाजूला थोडी मोकळी जागा, त्यात ही बोरिंग, आणि बोरिंगपासून निघून पहाडाच्या झाडीत शिरणारा बैलगाडीचा रस्ता. गाव बोरिंगच्या अलीकडे. पावणेदोन वाजले होते. ऊन लख्ख होतं, मोहाची पानं गळत होती. लांबवर कोणी लाकूड फोडत होतं. बोरिंगच्या ओट्याभोवती मात्र एकही माणूस, कुत्रं, कोंबडं नव्हतं. एवढ्या गावाला पाणी लागत असणारच, पण ओटा कोरडा ठणठणीत होता.

सुखरामभाऊ दांड्यावर उजवा हात ठेवून उभे होते. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले तसे ते किंचित बाजूला सरले. मी त्यांच्या आणि रस्त्याच्या मध्ये आले होते.

"भाऊ, चला घरी. चूक झाली माझी."

"तुमी बाजूले व्हा जी मॅडम."

"कोणाची वाट पाहताय?"

"मले काय माहीत. मले फक्त थांबायचं लिहून आलं." ओठ काळे पडले होते त्यांचे. "काल ते लांब होतं. त्या सागापाशी. आज पुढं आलं."

मी वळून पाहिलं. रस्ता, साग, पाचोळा. वाऱ्यानं पाचोळा हलत होता. मग माझ्या लक्षात आलं की वारा नव्हता.

"काही नाही तिथं," मी म्हटलं.

"दोन चाळीसलोक रायते ते. मंग वापस जाते. पण आज नाई जाईल." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या पाहण्यात राग नव्हता, नुसती लाज होती, काम न जमलेल्या माणसाची. "तो उदाराम उभा राहे, त ते सागाच्या पुढं येत नव्हतं. मले नाई जमून राहिलं जी."

मी त्यांचा हात दांड्यावरून काढायला गेले. लोखंडाला हात लागला आणि मी तो मागे ओढला. फेब्रुवारीतल्या दुपारच्या उन्हातलं लोखंड होतं ते. ते चटका देतं. हे विहिरीच्या तळासारखं गार होतं.

६

माझ्या मोबाइलला रेंज फक्त स्टेशनच्या फलाटावर होती. लाइन ओलांडून मी फलाटावर चढले. तिथून बोरिंग सरळ समोर दिसत होती. लोकेश सातव्या रिंगला मिळाला.

"पुरानी फाइल फिर से चढ़ा दीजिए," तो जांभई देत म्हणाला. "सब पहले जैसा हो जाएगा. बीस के बीस. दूसरे फॉर्मेट में सेव करके चढ़ाइए, तो अक्षर नहीं गिरेगा."

मी मंजूला फोन लावला. दोन वाजून दहा मिनिटं.

"ताई, पटले सर लय भडकले आहेत."

"भडकू दे. शुक्रवारची फाइल उघड. नव्या साइटवर चढव."

"कोणती? इथं तीन आहेत."

"पहिली! आपण हात लावायच्या आधीची!"

"थांबा. उघडते आहे… ताई, चहावाला आला."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोर सुखरामभाऊ उभे होते. त्यांनी आता डावा हातही दांड्यावर ठेवला होता.

"उघडली," मंजू म्हणाली. "चढवू?"

"शेवटची ओळ आहे ना? उदाराम?"

"आहे. उ-दा-राम. दरेकसा. स्टेशनमागची बोरिंग. काम, थांबवणे."

"काय?"

"थांबवणे. थां, ब, व, णे."

गावांना एकेक करून 'व' परत केला होता आम्ही. देवरीला, आमगावला. पण 'थांबणे' हा शब्द चुकीचा दिसत नव्हता, म्हणून तो तसाच राहिला. त्या माणसाचं काम वाट पाहण्याचं नव्हतं. आणि मी सुखरामला नुसतं उभं राहायला पाठवलं होतं.

"मंजू, ती 'व' जाऊ न देता चढव. लोकेशनं आत्ता सांगितलं तसं. आधी दुसऱ्या प्रकारात सेव्ह कर."

"कुठल्या प्रकारात?"

दोन एकवीस. मी फोनवरून तिला एकेक बटण सांगत होते आणि ती एकेक बटण ओठांनी म्हणून शोधत होती. समोर सुखरामभाऊंनी दांड्यावरचा एक हात सोडला आणि पुढे केला, जसा आपण एस.टी.ला करतो.

"चढून राहिली, ताई. वीस टक्के."

गोंदियाकडून मालगाडी आली. मधल्या लाइनवरून ती धडधडत निघाली आणि बोरिंग डब्यांआड गेली. कानाला काही ऐकू येईना. फक्त दोन डब्यांच्या मधल्या फटीतून पलीकडचं क्षणभर दिसायचं, पुन्हा डबा, पुन्हा फट.

एका फटीत सुखरामभाऊ, हात पुढे.

एका फटीत सुखरामभाऊ गुडघ्यावर आलेले. आणि त्यांच्यापासून चार हातांवर, रस्त्यावर, काहीतरी वाकून उभं. ते उंच होतं म्हणून वाकलं होतं की वाकूनच तेवढं उंच होतं, मला सांगता येणार नाही. सुखरामकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्यांच्या डोक्यावरून ते गावाकडे पाहत होतं, एकेक घर मोजावं तसं.

डबा. डबा.

"साठ टक्के," कानात मंजू ओरडत होती. "ताई, ऐकू येतं का? नव्वद. झाली! वीस दिसताहेत!"

पुढच्या फटीत दोन निळे शर्ट होते.

मग गाडी गेली. बोरिंगचा दांडा वर-खाली हलत होता, हळूहळू, आपला आपण थांबेपर्यंत. तोटीतून पाणी पडत होतं आणि ओटा ओला होत होता. रस्ता सागापर्यंत मोकळा होता. सुखरामभाऊ एकटेच, हत्यारांची पिशवी घेऊन, लाइन ओलांडून माझ्याकडे येत होते. बोरिंगकडे त्यांची पाठ होती आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मीही पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

"घरी जातो जी," ते म्हणाले. "भूक लागली."

७

सुखरामभाऊंना मी देवरीकडची गावं दिली. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. कलाबाई माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

पटले सरांना मी एकदाच सांगितलं की विसावं नाव राहणार, काढायचं असेल तर आधी मला काढा. त्यांनी साहेबांच्या कागदावर 'मानद सेवक' असं काहीतरी लिहून टाकलं. कागदावर काहीतरी लिहिलेलं असलं की सरांचं समाधान होतं.

दर महिन्याच्या शेवटी मी फाइल उतरवते. आधी 'व' पाहते, मग ओळी मोजते. उदारामची कामं माझ्या हातानं पुढच्या महिन्यावर टाकते. ती आपोआप 'पूर्ण' होतात, दोन चाळीसला.

मागच्या पंधरवड्यात नव्या साइटवर रजेची सोय सुरू झाली. लोकेश खूश होता. सदस्य अर्ज करतो, माझ्याकडे येतो, मी मंजूर किंवा नामंजूर करायचं. पहिल्याच सकाळी एक अर्ज आला. उदाराम, एक दिवस. कारणाचा रकाना रिकामा.

मी नामंजूर केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तोही नामंजूर केला. मग रोजच यायला लागला, मी खुर्चीत बसायच्या आधी येऊन पडलेला. रोज मी नामंजूर करते आणि मग बाकीच्या एकोणीस जणांची कामं वाटते. चीड येते. त्याची की माझी, ते ठरवत नाही.

आज कारणाचा रकाना भरलेला होता. एकही अक्षर सांडलेलं नव्हतं.

"लय वर्सं झाली जी. आता उभं राहवत नाई."

मंजूनं समोरून विचारलं, "काय झालं ताई?" मी काही नाही म्हटलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी नामंजूर केलं.